नव्या विषाणूला जुनी ओळख

१८४६ साली उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. बेटांची लोकसंख्या पावणेआठ हजारांच्या आसपास होती आणि त्यातले सहा हजारांहून अधिक लोक काही महिन्यांत आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पाठवलेला पीटर लुडविग पानुम हा तरुण डॉक्टर गावोगाव फिरून नोंदी करत होता. त्याच्या लक्षात आले की बरीच म्हातारी माणसे या साथीतून सुटली आहेत, आणि सुटली ती नेमकी १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर येऊन गेलेली. मधली ६५ वर्षे बेटांवर गोवर फिरकलाही नव्हता, तरी त्यांच्या शरीराने त्याची ओळख जपून ठेवली होती. आता ब्राझीलमधल्या मनाउस शहराकडे पाहा. २०२० मध्ये करोनाची पहिली लाट तिथे इतकी पसरली की ऑक्टोबरपर्यंत सुमारे ७६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला असावा, असा अंदाज रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून मांडला गेला. शहराला सामूहिक प्रतिकारशक्ती मिळाली, असे अनेकांना वाटले. जानेवारी २०२१ मध्ये त्याच शहरातल्या रुग्णालयांचा ऑक्सिजन संपला. या वेळी पसरत होता तो विषाणूचा नवा व्हेरियंट, जो पुढे गॅमा या नावाने ओळखला गेला. ७६ टक्क्यांचा अंदाज चढा होता, असा आक्षेप नंतर घेतला गेला, आणि त्यात तथ्यही असेल. पण खूप लोकांना एकदा संसर्ग होऊन गेला होता आणि तरी दुसरी लाट पहिलीइतकीच भीषण ठरली, यात शंका नाही.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक उत्तर लगेच सुचते: गोवराचा विषाणू बदलत नाही, करोनाचा बदलतो. हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. मनाउसनंतर ओमायक्रॉन आला. त्याच्या काटेरी प्रथिनात तिसाहून अधिक बदल होते, गॅमापेक्षा कितीतरी जास्त. बदल हेच एकमेव कारण असते तर ओमायक्रॉनपुढे जुन्या लशी आणि जुने संसर्ग पूर्ण निकामी ठरायला हवे होते. संसर्ग रोखण्यात ते बव्हंशी निकामी ठरलेही. जीव वाचवण्यात मात्र ते टिकले, आणि ज्या लशींनी हे केले त्यातल्या बहुतेक २०१९ च्या अखेरीस वुहानमध्ये सापडलेल्या मूळ विषाणूवरून बेतलेल्या होत्या. हे कसे घडले याचा उलगडा केल्याशिवाय पुढच्या व्हेरियंटबद्दल काही बोलणे म्हणजे अंदाजपंचे बोलणे होईल. माझे म्हणणे असे आहे की प्रतिकारशक्ती टिकते की नाही, हे विषाणू किती बदलला यावर जेवढे अवलंबून असते तेवढेच आजाराला पुढे सरकायला किती दिवस लागतात यावर असते. आपण गेली काही वर्षे विषाणूच्या रूपाकडे टक लावून बसलो आणि वेळेचा हिशेब मागे पडला.

आधी शरीराकडे काय काय असते ते पाहू. लशीनंतर किंवा संसर्गानंतर रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार होतात. करोनाचा विषाणू काटेरी प्रथिनाच्या टोकाने आपल्या पेशीला चिकटतो. त्या टोकावर आधीच प्रतिपिंड जाऊन बसले तर विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. संसर्ग मुळात होऊच न देणारी ही एकमेव गोष्ट आहे, आणि तिच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तिचे प्रमाण काही महिन्यांत घसरते. दुसरी म्हणजे ती विषाणूचा नेमका आकार ओळखते. तो थोडा बदलला तरी पकड सैल होते. टी-पेशींचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. विषाणू पेशीत शिरला की त्याच्या प्रथिनांचे लहान लहान तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडते, आणि टी-पेशी ते तुकडे ओळखून त्या पेशीचा नाश करतात. विषाणू शिरण्यापासून टी-पेशी रोखू शकत नाहीत, पण त्याला फसवायला त्या अवघड असतात. प्रतिपिंडे माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, तर टी-पेशी चालीवरून, आवाजावरून, हाताच्या बोटांवरून. दाढी वाढवून चेहरा बदलता येतो, बाकीचे सगळे एकाच वेळी बदलता येत नाही. शिवाय कोणते तुकडे मांडले जातील हे प्रत्येकाच्या आनुवंशिक ठेवणीवर ठरते. एका माणसाच्या टी-पेशींना चुकवणारा बदल शेजारच्या माणसात उपयोगाचा ठरेलच असे नाही, आणि म्हणून तो लोकसंख्येत सहसा पसरत नाही. कॅलिफोर्नियातल्या ला होया इन्स्टिट्यूटच्या गटाने लस घेतलेल्यांच्या रक्तात हे मोजले. ओमायक्रॉनविरुद्ध प्रतिपिंडांची ताकद अनेक पटींनी खाली आली होती, पण टी-पेशींचा प्रतिसाद सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास शाबूत होता. या पेशी किती काळ टिकतात याचा अंदाज सिंगापूरमधल्या एका अभ्यासाने दिला: २००३ च्या सार्स साथीतून बरे झालेल्या लोकांत त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी १७ वर्षांनंतरही सापडल्या.

तिसरा घटक स्मृतिपेशींचा. त्या प्रतिपिंडे साठवून ठेवत नाहीत. गरज पडली की ती वेगाने कशी बनवायची, याची तयारी ठेवतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अभ्यासांत दिसले की संसर्गानंतर सहा महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे घटलेली असतात, पण याच काळात स्मृतिपेशी स्वतःत फेरबदल करत राहतात आणि त्यांची प्रतिपिंडे अधिक घट्ट व अधिक व्यापक पकड घेणारी होत जातात. तिसऱ्या मात्रेनंतर याच पेशींमधून अशी प्रतिपिंडे निघाली, जी ओमायक्रॉनलाही निष्प्रभ करू शकत होती. लस घेतली तेव्हा ओमायक्रॉन जन्मालाही आला नव्हता. ही प्रक्रिया मला या साऱ्या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते, आणि सर्वसामान्य चर्चेत तिचा उल्लेख जवळजवळ कधीच येत नाही.

टी-पेशी आणि स्मृतिपेशी यांचे महत्त्व किती, याची परीक्षा निसर्गानेच आपल्यासमोर घेतली. २०२१ मध्ये श्रीमंत देशांत आणि आपल्याकडे मोठ्या शहरांत कृत्रिम प्रतिपिंडांची इंजेक्शने वापरात आली. कॅसिरिविमॅब आणि इम्डेव्हिमॅब यांच्या जोडीची एक मात्रा भारतात सुमारे ६० हजार रुपयांना मिळत होती. डेल्टा व्हेरियंटविरुद्ध ती उपयोगी पडली. ओमायक्रॉन आला आणि ती निरुपयोगी झाली. पुढे प्रतिकारशक्ती कमकुवत असलेल्यांसाठी एव्हुशेल्ड हे असेच इंजेक्शन आले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेला त्याचीही परवानगी मागे घ्यावी लागली, कारण तोवर पसरलेल्या उपप्रकारांवर ते चालेनासे झाले होते. म्हणजे एकदोन प्रतिपिंडांवर विसंबलेले संरक्षण नव्या व्हेरियंटपुढे कोसळले, आणि शेकडो प्रकारची प्रतिपिंडे, स्मृतिपेशी व टी-पेशी एकत्र असलेल्या शरीराचे संरक्षण गंभीर आजारापुरते तग धरून राहिले.

लशींची आकडेवारी आता या नजरेने वाचता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून ॲस्ट्राझेनेका लशीच्या १० लाख मात्रा पोहोचल्या, आणि आठवड्याभरात त्यांचा वापर थांबवला गेला. बीटा व्हेरियंटमुळे होणाऱ्या सौम्य ते मध्यम आजारावर लशीची परिणामकारकता १०.४ टक्के भरली होती. म्हणजे जवळपास शून्यच. पण ती चाचणी सुमारे दोन हजार लोकांवर होती, त्यातले बहुतेक तरुण होते आणि गंभीर आजार त्यात कुणालाच झाला नव्हता. मृत्यू टळतील का, या प्रश्नावर त्या चाचणीला काही सांगताच येत नव्हते. तिथल्या सरकारने उपलब्ध माहितीवर निर्णय घेतला आणि दुसरी लस निवडली, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण जगभर जो निष्कर्ष पसरला, की नव्या व्हेरियंटवर ही लस चालतच नाही, तो त्या माहितीतून निघत नव्हता. त्यानंतर काही महिन्यांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्याच, बहुतांशी हीच लस घेतलेल्या कर्मचाऱ्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली. भारतातल्या दुसऱ्या लाटेच्या काळात, दोन मात्रा घेतलेल्यांत लशीने संसर्गापासून ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, ऑक्सिजनची गरज लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागापासून ९४ टक्के संरक्षण दिले. तीच माणसे, तोच विषाणू; आजार जितका खोल, तितके संरक्षण जास्त. ही चढण पुढे जवळजवळ प्रत्येक देशात, प्रत्येक लशीत आणि प्रत्येक व्हेरियंटमध्ये दिसली. ओमायक्रॉनने चढणीचा पाया खाली ढकलला. ब्रिटनमध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या दोन मात्रांनंतर पाच-सहा महिन्यांनी ओमायक्रॉनच्या लक्षणयुक्त आजारापासून काहीच संरक्षण उरले नाही, तर फायझरच्या लशीचे ते दहा टक्क्यांच्या आत आले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत फायझरच्या दोन मात्रा घेतलेल्यांत रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षण ७० टक्के होते.

ही चढण वेळेमुळे पडते. ओमायक्रॉनचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी साडेतीन दिवस लागतात. मूळ विषाणूला पाचहून अधिक लागत होते. स्मृतिपेशींना जागे होऊन प्रतिपिंडे बनवायला आणि टी-पेशींना संख्या वाढवायला साधारण चार-पाच दिवस हवे असतात. म्हणजे नाक-घशातल्या लढाईत त्या पोहोचेपर्यंत सर्दी-तापाने ठाण मांडलेले असते. फुप्फुसांचा दाह मात्र बहुधा दुसऱ्या आठवड्यात उग्र होतो आणि तोवर त्या पुरेपूर तयार असतात. संसर्ग रोखायला रक्तात आणि नाकात आधीपासून भरपूर प्रतिपिंडे हजर असावी लागतात. मृत्यू रोखायला थोडी प्रतिपिंडे आणि जागी होणारी स्मृती पुरते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सात लशींच्या चाचण्या आणि बरे झालेल्या रुग्णांची माहिती एकत्र करून हे आकड्यांत मांडले. लक्षणयुक्त संसर्गापासून निम्मे संरक्षण मिळायला, बरे झालेल्या रुग्णांत सरासरी जेवढी निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे असतात त्याच्या २० टक्के लागतात. गंभीर आजारापासून तेवढेच संरक्षण मिळायला ३ टक्के पुरतात.

फॅरो बेटांवरच्या म्हाताऱ्यांचे रहस्यही यातूनच सुटते. गोवराचा विषाणू आपली बाहेरची प्रथिने फारशी बदलू शकत नाही, हे खरेच. १९५४ साली बोस्टनमध्ये एका मुलाकडून मिळवलेल्या विषाणूपासून तयार झालेली लस आजही जगभर चालते. पण त्याचबरोबर गोवराला पुरळ उठेपर्यंत दोन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि तो रक्तातून शरीरभर फिरतो, जिथे प्रतिपिंडे आणि स्मृती दोन्ही त्याला सहज गाठतात. फ्लूला एक-दोन दिवस पुरतात आणि तो श्वसनमार्गाच्या अस्तरावरच आटोपतो. शिवाय तो बदलतही राहतो; म्हणून त्याची लस दरवर्षी नव्याने जुळवावी लागते आणि तरीही ती अर्धीमुर्धीच चालते. करोना या दोघांच्या मध्ये बसतो: सुरुवात फ्लूसारखी वेगवान, शेवट मात्र संथ. याच कुळातल्या, साधी सर्दी करणाऱ्या २२९ई या विषाणूबद्दल सिॲटलच्या जेसी ब्लूम यांच्या गटाने केलेले काम इथे महत्त्वाचे आहे. १९८० च्या दशकात गोठवून ठेवलेल्या रक्तातली प्रतिपिंडे १९८४ च्या २२९ई विषाणूला रोखत होती. पुढच्या आठ ते सतरा वर्षांतल्या त्याच विषाणूच्या रूपांपुढे त्यातली बरीच फिकी पडली. म्हणजे करोनाच्या कुळात प्रतिपिंडांना चुकवत जाणे ही नेहमीची रीत आहे, ओमायक्रॉनचा अपवाद नव्हे. तरीही २२९ईमुळे आपल्याला पुन्हापुन्हा होते ती सर्दीच.

संसर्गातून मिळालेल्या प्रतिकारशक्तीचे चित्रही असेच आहे, आणि इथे लशीच्या कट्टर समर्थकांनी काही काळ उगाच हात आखडता घेतला असे मला वाटते. कतारमध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदींतून दिसले की आधी संसर्ग होऊन गेलेल्यांना अल्फा, बीटा आणि डेल्टाच्या पुनर्संसर्गापासून ८५ ते ९२ टक्के संरक्षण होते. ओमायक्रॉनपासून ते ५६ टक्क्यांवर आले. गंभीर पुनर्संसर्गापासून मात्र ओमायक्रॉनच्या काळातही ते ८८ टक्क्यांच्या आसपास होते. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्याचा निष्कर्ष असा, की संसर्गाला ४० आठवडे उलटल्यावर ओमायक्रॉनच्या पहिल्या रूपाच्या पुनर्संसर्गापासूनचे संरक्षण ३६ टक्के उरते, पण गंभीर आजारापासूनचे ८९ टक्क्यांच्या जवळ राहते. संसर्गाने दिलेली प्रतिकारशक्ती लशीहून हलकी नाही, हे मान्य केले पाहिजे. लस आणि संसर्ग दोन्ही झालेल्यांत ती सर्वांत भक्कम असते: एका आढाव्यानुसार वर्षभरानंतरही गंभीर आजारापासून सुमारे ९७ टक्के, तर नुसत्या संसर्गानंतर सुमारे ७५ टक्के.

मग लस कशाला, असा आक्षेप इथे घेतला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आणि देशात आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत केलेल्या रक्तचाचण्यांत झोपडपट्ट्यांमधल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली, तर बाकीच्या वस्तीत १६ टक्क्यांत. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीत हा आकडा ५६ टक्के होता. साथ आता ओसरली, असे देशभर बोलले जात होते. फेब्रुवारीत अमरावती आणि अकोल्याकडे रुग्ण झपाट्याने वाढू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये काटेरी प्रथिनातले काही ठळक बदल एकत्र येत असल्याचे नोंदवले; बी.१.६१७ हे ते कूळ, आणि त्याचीच एक शाखा पुढे डेल्टा झाली. त्यानंतरचे एप्रिल आणि मे महिने महाराष्ट्र विसरणार नाही. ६ मे २०२१ रोजी देशात एका दिवसात ४ लाख १४ हजार रुग्ण नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले. सरकारने हा अंदाज नाकारला, पण अधिकृत आकडा अपुरा आहे हे बहुतेक अभ्यासक मानतात. संसर्गातून मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीची किंमत आधी मोजावी लागते. तिची तारीफ करणाऱ्या प्रत्येक अभ्यासात फक्त वाचलेली माणसे मोजलेली असतात. पहिल्याच संसर्गात जे गेले, त्यांना पुनर्संसर्गाच्या तक्त्यात जागा नसते.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. २०२२ मधले कमी मृत्यू प्रतिकारशक्तीमुळे नव्हेत, ओमायक्रॉन मुळातच सौम्य होता, असे म्हटले जाते. भारतातल्या तिसऱ्या लाटेने या समजाला बळ दिले. जानेवारी २०२२ मध्ये दैनंदिन रुग्णसंख्या साडेतीन लाखांजवळ गेली, मृत्यू मात्र डेल्टाच्या तुलनेत अनेक पटींनी कमी राहिले. ओमायक्रॉन डेल्टापेक्षा काहीसा सौम्य होता हे खरे आहे. पण किती सौम्य, हे पाहायचे तर ज्यांना ना लस मिळाली ना आधी संसर्ग झाला, अशी माणसे शोधावी लागतात. ती हाँगकाँगमध्ये होती. दोन वर्षे त्या शहराने विषाणू बाहेर रोखून धरला होता, त्यामुळे जुना संसर्ग जवळजवळ नव्हता, आणि ऐंशीच्या पुढच्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला तिथे ओमायक्रॉन शिरला आणि पाऊण कोटीच्या वस्तीत काही महिन्यांत नऊ हजारांच्या आसपास माणसे गेली. ६ जानेवारी ते २१ मार्चदरम्यानच्या मृत्यूंत ९६ टक्के साठीच्या वरचे होते आणि त्यांच्यापैकी ७० टक्क्यांनी लशीची एकही मात्रा घेतलेली नव्हती. त्याच शहरात, त्याच आठवड्यांत, मूळ वुहान विषाणूवरून बनलेल्या लशींच्या तीन मात्रा घेतलेल्या वृद्धांत गंभीर आजारापासूनचे संरक्षण ९५ टक्क्यांच्या वर मोजले गेले; फायझरची असो वा निष्क्रिय विषाणूची चिनी लस असो. ज्याला आपण सौम्य विषाणू म्हणत होतो, त्याचे सौम्यपण पुष्कळसे आपल्या रक्तात होते.

आकडेवारीतूनच उगवणारा आणखी एक गैरसमज इथे बाजूला केला पाहिजे, कारण त्याने लशीवरचा विश्वास फार पोखरला. ऑगस्ट २०२१ मध्ये इस्रायलमध्ये गंभीर आजारी ५१५ रुग्णांपैकी ३०१ जणांनी दोन्ही मात्रा घेतल्या होत्या, म्हणजे ५८ टक्के. लस घेऊनच लोक आजारी पडतात, असा प्रचार यावर उभा राहिला. पण पन्नाशीपुढच्या जवळजवळ सगळ्यांनी तिथे लस घेतलेली होती. त्या वयोगटात दर लाखामागे गंभीर रुग्ण मोजले तर लस न घेतलेल्यांत सुमारे ९२ आणि घेतलेल्यांत १४ च्या आत होते. पन्नाशीच्या आत ते अनुक्रमे चारच्या आत आणि एकाहूनही कमी होते. दोन्ही गटांत संरक्षण ८५ टक्के वा त्याहून अधिक. वय विसरून बेरीज केली की तेच ६७ टक्क्यांवर येते. लसीकरण जितके चांगले, तितके रुग्णालयात लस घेतलेलेच दिसणार.

हे सगळे मान्य केले तर दर व्हेरियंटमागे नवी लस काढण्याला किती अर्थ आहे? माझ्या मते थोडा, आणि तोही ठरावीक लोकांसाठी. शरीराने पहिल्यांदा पाहिलेल्या विषाणूचा ठसा खोल उमटतो. फ्लूच्या बाबतीत हे गेल्या शतकातच लक्षात आले होते. २०२२ च्या शरद ऋतूत अमेरिकेत मूळ विषाणू आणि ओमायक्रॉनचे बीए.४-५ हे उपप्रकार या दोन्हींवर बेतलेला बूस्टर आला. पण न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या प्रयोगशाळांत मोजल्यावर त्याने तयार झालेली प्रतिपिंडे जुन्या बूस्टरपेक्षा विशेष सरस निघाली नाहीत, कारण शरीर जुन्या ओळखीलाच पुन्हा उजाळा देत होते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने मूळ विषाणू लशीतून पूर्ण काढून एक्सबीबी वंशावर लस बेतायला सांगितले, पुढच्या वर्षी जेएन.१ वर. हा निर्णय योग्य होता. एक्सबीबी.१.५ च्या लशीने अमेरिकेत, ती न घेतलेल्यांच्या तुलनेत, लक्षणयुक्त संसर्ग सुमारे ५४ टक्क्यांनी कमी झाला, आणि ही तुलना आधीच बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती असलेल्या लोकांशी होती. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने ओमायक्रॉनवर बेतलेली एमआरएनए लस बनवली आणि तिला जून २०२३ मध्ये परवानगी मिळाली. दोन ते आठ अंश तापमानात टिकणारी एमआरएनए लस ही तांत्रिकदृष्ट्या मोठी झेप होती. परवानगी मिळाली तोवर ओमायक्रॉनचे ते पहिले रूप कधीच मागे पडले होते. या शर्यतीत लस कायम मागेच राहणार. तरुण, निरोगी, दोन-तीनदा विषाणू पाहिलेल्या माणसाला तिच्यामुळे थोड्या काळापुरती सर्दी टळण्यापलीकडे फार काही मिळत नाही. सत्तरीपुढच्या, डायलिसिसवरच्या, अवयवरोपण झालेल्या किंवा कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याची स्मृतिपेशींची फौज उशिरा जागी होते किंवा होतच नाही. त्याच्या वाट्याला आलेला तोच दुसरा आठवडा रिकामा जातो. त्याच्यासाठी प्रतिपिंडांची पातळी आधीपासून उंच ठेवणे, म्हणजे दरवर्षीची अद्ययावत मात्रा, हा चैनीचा विषय नाही. भारतात नव्या मात्रेची मोहीम सगळ्यांसाठी नको. या लोकांसाठी ती कायमस्वरूपी हवी.

कुणी म्हणेल, उद्या असा व्हेरियंट आला की ज्याला टी-पेशीही ओळखणार नाहीत, तर? किंवा डेंग्यूसारखे झाले, जिथे एका प्रकारची जुनी प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराचा आजार आणखी बिघडवतात? डेंग्यूची भीती २०२० मध्ये रास्त होती. पण कोट्यवधी पुनर्संसर्गांनंतरही करोनात तसे घडल्याचे दिसले नाही, आणि घडत असते तर वर सांगितलेली चढण उलटी दिसली असती. टी-पेशींना एकदम चुकवणे विषाणूला अवघड का आहे, तेही वर आलेच आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बीए.२.८६ हा उपप्रकार सापडला, काटेरी प्रथिनात आपल्या पूर्वजापेक्षा तिसाहून अधिक बदल घेऊन. त्याच्याच वंशातला जेएन.१ जगभर पसरला, गोवा आणि महाराष्ट्रातही आला, पण गंभीर आजाराचे प्रमाण वाढले नाही. माझी काळजी आहे ती असे मोठे फेरबदल कुठे घडतात याची. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना विषाणू एकेक पाऊल बदलतो. तीस-तीस बदल एकत्र दिसतात, तेव्हा तो बहुधा प्रतिकारशक्ती फार कमकुवत असलेल्या एखाद्या शरीरात महिनोन्महिने राहून आलेला असतो. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात एचआयव्हीचे उपचार नीट न मिळालेल्या एका रुग्णात बीटाचा संसर्ग नऊ महिने टिकला आणि त्या काळात विषाणूने काटेरी प्रथिनात बदलांमागून बदल जमवले. एचआयव्हीची प्रभावी औषधे सुरू केल्यावर, करोनासाठी कोणतेही खास औषध न देता, सहा ते नऊ आठवड्यांत त्या शरीराने तो विषाणू स्वतःच संपवला.